नोड रीस्टार्ट करण्याआधी

भाऊ, जळगावात मे महिन्यात लाइट गेली की सर्व्हर रूम तापते, नोड (इलॅस्टिकसर्च या डेटा साठवून शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक सर्व्हर) हळू होतो आणि रीस्टार्टचा मोह होतो. थांब. आधी इलॅस्टिकसर्चची क्लस्टर हेल्थ, म्हणजे सगळ्या नोडच्या गटाची तब्येत सांगणारा रंग, बघ. लाल असेल तर हात लावू नकोस. पिवळं म्हणजे प्रायमरी शार्ड (डेटाचे मूळ तुकडे) सगळे आहेत, पण एखादी रेप्लिका (तुकड्याची प्रत) जागेवर नाही. नेमका तिचा प्रायमरी असलेला नोड बंद केलास, तर तो नोड परत येईपर्यंत तेवढा डेटा मिळणार नाही.

हिरव्यावरही आंधळा विश्वास नको. ज्या इंडेक्सला (डेटाच्या एका संचाला) रेप्लिका शून्य ठेवलीय, तोही हिरवाच दिसतो! म्हणून शार्डची यादी उघडून बघच. डिस्कही बघ, ८५ टक्क्यांहून जास्त भरलेल्या नोडवर नवीन रेप्लिका बसत नाही.

मग अलोकेशन (कुठला शार्ड कुठल्या नोडवर बसवायचा याचं सेटिंग) ‘प्रायमरीज’वर ठेव, नाहीतर नोड गेल्यावर मिनिटभरात क्लस्टर रेप्लिका दुसरीकडे बनवायला घेतो आणि उगाच नेटवर्क दमतं. मास्टर (क्लस्टर सांभाळणारा नोड) होऊ शकणारे तीन नोड असतील तर दोन कायम चालू हवेत. नोड परतला की सेटिंग पूर्ववत कर (हेच बहुतेक जण विसरतात), पुन्हा हिरवं होऊ दे, मगच दुसरा नोड.