दोन ताऱ्यांची फुगडी आणि न्यूटनचा नियम

प्रश्न : लांब लांब असलेल्या जोडताऱ्यांवरून म्हणे न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम चुकीचा ठरतोय. खरंय का? आणि त्यासाठी जोडतारेच का?

उत्तर : आधी जोडतारेच का, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारेच का, ते बघू. आकाशगंगांच्या कडेचे तारे हिशोबापेक्षा जास्त वेगाने फिरतात, मग एकतर तिथे न दिसणारं कृष्णद्रव्य आहे किंवा गुरुत्वाकर्षणाचा नियमच खूप कमी त्वरणाला बदलतो. हा दुसरा विचार भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रॉम यांनी १९८३ मध्ये मांडला, त्याला मॉंड म्हणतात. कमी म्हणजे किती, तर एखादी वस्तू त्या त्वरणाने वर्षभर ढकलत राहिलो तरी तिचा वेग सेकंदाला जेमतेम ४ मिलिमीटर होईल! इतकी क्षीण ओढ हजारो खगोलीय एककं लांब असलेल्या दोन ताऱ्यांमध्ये असते (सूर्य ते पृथ्वी हे १ एकक), आणि एवढ्याशा जागेत कृष्णद्रव्य नगण्य, म्हणून ती पळवाट इथे बंद होते. मला ही कल्पना फार आवडते.

सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा घ्या. तो अल्फा सेंटॉरी या दोन ताऱ्यांच्या जोडीभोवती फिरतो, तिच्यापासून साधारण १३,००० एककं लांब, एका फेरीला साडेपाच लाख वर्षं, आणि त्यांच्या तुलनेत वेग सेकंदाला २७० मीटरच्या आसपास, म्हणजे हवेतल्या आवाजापेक्षाही कमी. अख्खी फेरी बघायला कोण थांबणार? म्हणजे फुगडी खेळणाऱ्या दोन मुलींचा एकच फोटो हातात आहे आणि त्यावरून त्यांनी हात किती घट्ट धरलेत ते ओळखायचंय, असं हे काम आहे. म्हणून ताऱ्यांच्या जागा आणि वेग मोजणाऱ्या युरोपच्या गाया यानाच्या डेटातून हजारो जोड्या घेऊन सरासरी काढतात. मॉंड बरोबर असेल तर आकाशगंगेच्या आपल्या भागात या जोड्यांचा वेग न्यूटनपेक्षा साधारण २० टक्के जास्त दिसायला हवा.

२०२३ मध्ये दक्षिण कोरियाचे खगोलशास्त्रज्ञ क्यू-ह्यून चे यांनी सुमारे २६,५०० जोड्या तपासून फरक सापडला असं सांगितलं, आणि त्याच सुमारास इंद्रनील बानिक आणि सहकाऱ्यांनी ८,६११ जोड्या घेऊन सांगितलं की न्यूटनच बरोबर. डेटा त्याच यानाचा, उत्तरं उलटी!

भांडण मुख्यतः लपलेल्या तिसऱ्या ताऱ्यावरून आहे. जोडीतल्या एकाभोवती एखादा मंद लाल तारा चिकटून फिरत असला तर तो वेगळा दिसत नाही पण मोठ्या ताऱ्याला हेलकावे देतो, आणि मोजताना तो हेलकावा जोडीचा वेग म्हणून धरला जातो. मूळ वेगच सेकंदाला ३०० मीटरच्या घरात, त्यात १०० मीटर असे फुकटचे मिळाले की नियम मोडल्यासारखा वाटणारच. असे तिघे किती धरायचे आणि कसे गाळायचे, इथे दोघांच्या पद्धती वेगळ्या आहेत. त्यामुळे न्यूटन चुकला असं आज म्हणता येत नाही, माझं मत तर त्याच्याच बाजूने आहे.

गायाचा पुढचा, चौथा डेटा ६६ महिन्यांच्या निरीक्षणांचा आहे आणि त्यात ताऱ्यांच्या वेळोवेळच्या नोंदी सुट्या मिळणार आहेत, तेव्हा यातले बरेच हेलकावे सरळ पकडता येतील.