अर्धा तास म्हणजे अर्धा तास

औषध बदलू का, एवढंच विचारलंस. मिडाझोलाम, म्हणजे ऑपरेशनआधी मूल शांत व्हावं म्हणून द्यायचं गुंगीचं औषध, पाजूनही पोरगं ऑपरेशन थिएटरच्या दारात किंचाळलं, सर्जन वैतागले, तुला रात्रभर झोप नाही. डोस बरोबर होता, किलोला ०.५ मिलिग्रॅम. पण पाजल्यावर किती वेळाने त्याला आईपासून घेतलंस? अख्ख्या पत्रात ते कुठेच नाही. तिथेच मला कळलं.

तोंडाने दिलेलं हे औषध आधी यकृताच्या तावडीतून सुटावं लागतं. बरंचसं तिथेच संपतं, म्हणून तर शिरेतल्यापेक्षा एवढा मोठा डोस. दहा मिनिटांत मूल जरा सैल पडतं आणि आपल्याला वाटतं, झालं. झालेलं नसतं! वीस ते तीस मिनिटं थांब. मान डुलायला लागू दे, हातातलं खेळणं आपसूक सुटू दे.

मी एकदा थांबलो नाही. चार वर्षांचा मुलगा, हर्निया, दिवसाची ऑपरेशनची लिस्ट रेंगाळलेली. दहाव्या मिनिटाला उचलला. दोघांनी हात धरले, मी भुलीचा मास्क दाबला. ऑपरेशन सुरळीत झालं, सगळे खूश. वर्षभराने तो दुसऱ्या बाजूच्या हर्नियासाठी आला. हिरवा गाऊन दिसताच आईचा दंड असा धरला की नखांचे वळ उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.

तेव्हापासून मी थांबतो. माझ्या पाठीमागे मला कासव म्हणतात, म्हणोत. लिस्ट लांबली ती माझ्यामुळे नाही. मूल वेळेत वॉर्डातून बोलावलं असतं तर कुणालाच थांबावं लागलं नसतं. हेही तुझंच काम आहे बरं का, आदल्या केसचे टाके पडत असतानाच निरोप पाठवायचा.

काही मुलं या औषधाने उलट बिथरतात, खरं आहे. पण घड्याळ न बघता ते कारण मला सांगू नकोस. औषध कडूजहर असतं, गोड सिरपात दे. थुंकलं तर अंदाजाने पुन्हा पाजू नकोस, पोटात किती गेलं ते तुला ठाऊक नसतं. रात्री घोरणारं, टॉन्सिल सुजलेलं मूल असेल तर आधी मला विचार. पाजल्यावर चालू द्यायचं नाही, मांडीवरच ठेवायचं, अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर, श्वास अडला तर हाताने दाबून हवा द्यायची अँबू बॅग हाताशी.

आणि अर्धा तास. पुढच्या पाच मुलांच्या केसपेपरवर पाजल्याची वेळ लिही, आईकडून घेतल्याची लिही. ते आकडे पाठव, मग औषध बदलायचं बोलू.