‘वरून परिपत्रक आलंय’ असं सांगून सरकारी कार्यालयाने अडवलं, तर ते पाळावंच लागतं का?

मंत्रालयात डेस्कवर बसून मी जीआरचे, म्हणजे शासन निर्णयांचे, मसुदे लिहिण्यातच नोकरी संपवली, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

परिपत्रक म्हणजे सरकारने आपल्याच माणसांना दिलेली सूचना. ती खात्याला बांधते, पण कायद्यावर किंवा नियमावर कुरघोडी करू शकत नाही. संत राम शर्मा प्रकरणात 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नियम जिथे गप्प आहेत तिथे सरकारने सूचना काढाव्यात, नियमांच्या विरुद्ध नाही.

पुतणीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दादाबरोबर उपनगरातल्या एका कार्यालयात गेलो होतो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, शंभराच्या स्टॅम्पवर शपथपत्र आणा, नोटरी करून. मी म्हटलं, सामान्य प्रशासन विभागाचा 9 मार्च 2015 चा जीआर आहे, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालतं. तर त्यांनी टेबलाच्या काचेखालची झेरॉक्स काढून पुढे केली. वरचा भाग कापलेला. विभाग नाही, क्रमांक नाही, तारीख नाही. जीआरखाली असते ती ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळही नाही. मधले दोन परिच्छेद तेवढे, एका वाक्याखाली लाल रेघ. त्यात प्रती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून मागितल्या होत्या; ती अटही त्याच जीआरने काढली होती, म्हणजे कागद 2015 च्या आधीचा, हे मला तिथेच कळलं.

मी म्हटलं, याचा क्रमांक आणि तारीख द्या, नाहीतर अर्ज का नाकारताय ते लिहून द्या. बाई आत साहेबांकडे जाऊन आल्या आणि अर्ज घेतला.

तेवढ्या वेळात दादा मागून सारखा म्हणत होता, “शंभर रुपयांसाठी कशाला वाद घालतोस? आणून टाक स्टॅम्प.” घरात कुणाचंही कार्य असलं की तो अजून हेच ऐकवतो. आमच्या मागे रांगेत खाडा करून आलेल्या बायका होत्या. त्यांना स्टॅम्प, नोटरी आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. ज्याला परवडतं तो देऊन मोकळा होतो, म्हणूनच तो कापलेला कागद वर्षानुवर्षं काचेखाली राहतो. दादा, ह्यात माझा हट्ट कुठे आला?

तुम्ही एवढंच करा: क्रमांक आणि तारीख मागा, शासनाच्या संकेतस्थळावर तो जीआर शोधा, आणि नंतरच्या एखाद्या जीआरने तो अधिक्रमित झालाय का, म्हणजे त्याची जागा नव्याने घेतलीय का, ते बघा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कार्यालयाने आपले नियम आणि सूचना स्वतःहून जाहीर करायच्या असतात.

मात्र जिथे कायद्यातच किंवा नियमातच शपथपत्र सांगितलंय, तिथे 2015 चा जीआर कामाला येत नाही. आणि तुमचा प्रश्न सोसायटीच्या पुनर्विकासाचा असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालचे 4 जुलै 2019 चे निर्देश उच्च न्यायालयाने मार्गदर्शक मानले आहेत, सक्तीचे नाहीत. तिथे जीआरवर विसंबण्याआधी वकिलाला विचारा.