३० वर्षांच्या पाण्याचा आराखडा: नवा तलाव की खोल बोअर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वस्ती पाच हजारांची, ३० वर्षांत दुप्पट होईल असा अंदाज, आणि पाणी समितीत दोन तट. एकाला नवा तलाव हवा, दुसऱ्याला खोल बोअर. कुणाचं बरोबर?

माझ्या मते सध्या कुणाचंच नाही. आज टाकीतून सुटलेलं पाणी जातं कुठे, हे समितीतल्या कुणालाच सांगता येत नसेल तर हा वाद आत्ताच घालण्यात अर्थ नाही. पाणीपुरवठ्याचे आराखडे तपासणं हे माझं रोजचं काम. त्यातले बरेचसे एकाच गुणाकारावर उभे असतात: पुढची लोकसंख्या गुणिले आज माणशी लागणारे लिटर. पण त्या लिटरांतले घरात किती पोहोचले आणि वाटेतच किती मुरले, हे कुणी विचारत नाही. म्हणजे आजची गळतीही लोकसंख्येबरोबर दुप्पट करायची आणि वर तिच्यासाठी तलाव बांधायचा!

मोजायला फार काही लागत नाही. रात्री दोन ते चार टाकीत येणारं पाणी बंद करा, वस्तीकडे जाणारा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. टाकी आतून १० मीटर लांब, १० मीटर रुंद असेल आणि दोन तासांत पातळी ६ सेंटीमीटर उतरली, तर ६,००० लिटर गेले. तासाला ३,०००. घरांवरच्या टाक्या रात्री भरत असतील तर त्यांचे कॉक त्या रात्रीपुरते बंद करायला सांगा, नाहीतर हिशेब फसेल. खरा वापर वजा करून उरेल ती बहुतांशी गळती. दिवसा दाब उतरतो तशी ती थोडी घटते, तरी वाहिनीत चोवीस तास पाणी असेल तर दिवसाला ५०-६० हजार लिटर सहज जातात. माणशी १०० लिटर धरले तर पाच-सहाशे माणसांचं पाणी झालं. ठराविक वेळीच पाणी सोडत असाल तर हीच मोजणी सगळ्या तोट्या बंद ठेवून तास-दोन तास करता येते.

ही किरकोळ बचत वाटत असेल तर बोस्टनचं बघा. तिथला वापर १९८० च्या दशकात स्रोतांच्या भरवशाच्या क्षमतेच्या, म्हणजे दिवसाला ३०० दशलक्ष गॅलनच्या, पुढे गेला होता. कनेक्टिकट नदीचं पाणी वळवून आणायचा बेत होता. तो बाजूला ठेवून गळती शोधली, घरांतले नळ-फ्लश कमी पाण्याचे केले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत मागणी २०० दशलक्ष गॅलनच्या आसपास उतरली. नदी वळवावीच लागली नाही.

हे झाल्यावरच स्रोताकडे वळा, आणि तिथे सरासरी पावसाचा आकडा कुणी पुढे केला तर तो मागे सारा. तलावात दरवर्षी किती पाणी आलं याच्या जितक्या जुन्या नोंदी मिळतील तितक्या घ्या आणि लागोपाठ कोरड्या वर्षांत तलाव कुठवर उतरतो ते बघा. केपटाउनला एका नव्हे, २०१५ ते २०१७ अशा सलग तीन कोरड्या वर्षांनी गाठलं. २०१८ मध्ये माणशी ५० लिटरांची मर्यादा घालावी लागली.

बोअरवाल्यांनाही प्रश्न आहेत. दोन तास पंप चालवून 'पाणी भरपूर' म्हणणं ही चाचणी नव्हे. कोरड्या हंगामाच्या शेवटी किमान २४ तास, जमल्यास ७२ तास सलग उपसा करा. आजूबाजूच्या विहिरी किती उतरतात आणि पंप थांबवल्यावर पातळी किती वेळात सावरते, ते लिहून ठेवा. पाणी तपासणीला द्याच. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या किंवा आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी तसंच पिण्याजोगं नाही, आणि उकळून यातलं काहीच जात नाही.

मग टप्पे पाडा. पंप १५ वर्षांच्या हिशेबाने घेतलेले पुरतात. तीस वर्षांचा पंप आज घेतला तर निम्मं आयुष्य तो अर्ध्या कामावर, वीज खात चालतो. जागा मात्र आजच राखून ठेवा, कारण पुढे ती मिळणार नाही. पुढचा टप्पा कधी सुरू करायचा हेही आकड्यात बांधा. सिडनीत धरणसाठा ६० टक्क्यांखाली गेला की समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प चालू करायचा, असा नियम होता. २०१२ पासून बंद ठेवलेला तो प्रकल्प २०१९ मध्ये याच नियमाने पुन्हा सुरू झाला. कोरड्या वर्षी घाबरून बैठका घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तलावाच्या गटाला जागा आणि पाणलोट सांभाळायचं काम द्या, बोअरच्या गटाला दर आठवड्याला पातळी मोजून वहीत लिहायचं. टाकीची मोजणी दोघांनी मिळून करा, म्हणजे पुढे आकड्यावरून भांडण नको.