सवलत मागितली तर कामावरून काढतील का?

"मॅडम, आजार सांगितला तर काढतील, नाही सांगितला तर मरेन. तुम्हीच सांगा काय करू."

2021 च्या मार्चअखेरीस गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, खिडक्या सताड उघड्या ठेवून, दोन मास्कांच्या आडून झालेलं हे बोलणं. करोनाच्या त्या दोन वर्षांत हाच प्रश्न मी किती जणांकडून ऐकला असेल! मधुमेहाचा सुरक्षारक्षक, डायलिसिसवर असलेल्याची बायको, पाचवा महिना लागलेली काउंटरवरची मुलगी. या बाईची गोष्ट सांगते, कारण तिच्या बाबतीत मी आधी चुकले. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

वय बेचाळीस. घर उसगावला, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. नवऱ्याचा खनिज वाहणारा टिपर ट्रक. 2018 च्या मार्चात खाणी बंद पडल्या तेव्हापासून तो अंगणात माडाखाली उभा होता. बँकेचा हप्ता मात्र उभा राहिला नव्हता. घरात ठरल्या तारखेला येणारा पैसा म्हणजे हिचा पगार, 17,200 रुपये. आणि हिला आमवात. त्यासाठी दर रविवारी, आठवड्यातून एकदाच, मेथोट्रेक्सेटची गोळी. ही गोळी शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दाबते आणि त्यातून सांध्यांची सूज आवरते, असं डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. करोना आल्यावर त्यातला पहिलाच भाग तिच्या डोक्यात राहिला.

पहिल्या दोन भेटींत मी जे शिकले तेच केलं. श्वास मोजायला लावले. मनात येणारा विचार वहीच्या डाव्या बाजूला लिहा आणि उजवीकडे त्याचा पुरावा, असा गृहपाठ दिला. भीती वाजवीपेक्षा मोठी असली की पुराव्याचा रकाना रिकामा राहतो आणि माणूस स्वतःच हसतो. तिने वही आणून दाखवली. डावीकडे: मला करोना होईल. उजवीकडे: कंपनीच्या बसमध्ये बावन्न माणसं, काचा बंद. कपडे बदलायच्या खोलीत एका वेळी चौदा. कँटीनमध्ये समोरासमोर.

यावर मी काय बोलणार होते?

तिसऱ्या भेटीत तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडेना. आधी बोटांनी, मग दोन्ही तळव्यांत धरून, शेवटी मास्क खाली करून दातांनी. मी उघडून दिली. "हे कधीपासून?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. तीन रविवार तिने गोळी घेतलीच नव्हती. प्रतिकारशक्ती कमी होऊ नये म्हणून. त्यामुळे सकाळी दीड-दोन तास बोटं मिटायची नाहीत. कामाला लागल्यावर स्ट्रिपसोबत माहितीपत्रकाची घडी खोक्यात सरकवायची असते, ती निसटायची. सुपरवायझर म्हणायचा, "काल झोप झाली नाही काय?" आजार लपला होता, पण मंदावलेला हात सगळ्यांना दिसत होता. नोकरी जाईल म्हणून ती जे झाकत होती, त्यानेच नोकरी धोक्यात येत होती.

"म्हाका भंय दिसता, मॅडम," मला भीती वाटते, असं ती कोंकणीत म्हणाली. एरवी माझ्याशी ती मराठीतच बोलायची.

मी इतके दिवस तिच्या भीतीवर काम करत होते आणि तिला हवा होता अर्ज.

तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी तिला झापलं, मग रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलं. असं औषध आपल्या मनाने कधीच थांबवायचं नसतं, वाटलं तर आधी फोन करायचा. ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येकाला पहिल्याच भेटीत विचारते: गोळ्या चालू आहेत ना?

मग आम्ही कागद काढला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत आजाराचं नाव असलंच पाहिजे असं नाही, हे तिला नवीन होतं. आम्ही मागून घेतलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं: या रुग्णाच्या औषधांमुळे तिला संसर्गाचा धोका जास्त आहे, दोन महिने बंद जागेतली गर्दी टाळावी, बोटांनी सतत बारीक काम करू नये, बसून करण्याचं काम चालेल. अर्जातही रडगाणं ठेवलं नाही. तिने आधी लिहून आणलेला अर्ज "मी गरीब घरची असून" इथून सुरू होत होता. तो बाजूला ठेवला. नव्या अर्जात तिने काय करू शकते ते लिहिलं. लेबलं तपासायच्या टेबलावर बसेन, बॅच नंबर जुळवेन. बसऐवजी नवरा स्कूटरने सोडेल. जेवण अर्धा तास उशिरा घेईन. पुढे दोन महिन्यांनंतरची फेरविचाराची तारीख. मुदत नसलेली मागणी समोरच्याला जन्माची वाटते.

कायद्याच्या जोरावर हे मागता येतं का, असं मला लोक विचारतात. खरं सांगायचं तर त्या वेळी आधार पातळ होता. केंद्राच्या एप्रिल 2020 च्या निर्देशांत 65 वर्षांवरच्यांना, सहव्याधी असलेल्यांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना घरून काम करण्यासाठी प्रोत्साहन द्यावं असं होतं. प्रोत्साहन, सक्ती नव्हे. आणि पॅकिंग घरून कसं करणार? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयींची कल्पना आहे, पण हिच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र नव्हतं. म्हणून अर्ज हा हक्काचा दावा नव्हता, कामाचा प्रस्ताव होता. मागणाऱ्याने हे स्वतःशी स्पष्ट ठेवलं की आवाजही नीट लागतो.

एचआरचं उत्तर ठरलेलं: "आज तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील." हे वाक्य आम्ही घरीच घोकलं होतं. ती म्हणाली, "सगळ्यांकडे ही चिठ्ठी नाही, साहेब." टेबल मिळालं, स्कूटरवरून यायची मुभा मिळाली. जेवणाची वेळ काही बदलली नाही. मग ती डबा जिन्याखाली एकटी बसून खायची. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोचची सही घ्यायला मी सांगितलं होतं, ती तिने घेतली. माझ्या मते त्या दिवसाची खरी कमाई ती सही.

एप्रिलच्या शेवटी सांधे पुन्हा सुजले. गोळीला जोर धरायला काही आठवडे लागतात. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. ती म्हणाली, रजा संपेल. तिच्या खात्यावर अकरा दिवसांची भरपगारी रजा होती. तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायद्याप्रमाणे कामाच्या वीस दिवसांमागे एक अशी साठलेली, आणि ती चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी राखलेली. त्या कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसायचं. पण तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला 129 रुपये ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, कापलेले दिसत होते. सहा वर्षं कापले जात होते आणि तिला वाटत होतं की ते फक्त दवाखान्याच्या औषधांसाठी.

ईएसआयचा आजारपण भत्ता असतो. सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षातून 91 दिवसांपर्यंत, पहिले दोन दिवस वगळून. अट अशी की ठरलेल्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आता गंमत बघा. 2021 च्या जानेवारी ते जूनमधल्या आजारासाठी मोजायचे महिने कोणते, तर एप्रिल ते सप्टेंबर 2020, म्हणजे ऐन लॉकडाउनचे. औषधांचा कारखाना बंद नव्हता म्हणून तिचे दिवस भरले. त्याच आठवड्यात आलेल्या, हॉटेलात काम करणाऱ्या एका मुलाचे भरले नाहीत. त्याला मी काहीच देऊ शकले नाही.

एक अडचण आली. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर काम भागेना, ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं होतं. मडगावचं ईएसआय इस्पितळ तर 2020 पासूनच कोविडसाठी घेतलेलं, आणि मे महिन्यात गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ऑक्सिजनवरून हाहाकार. तपासणी करून घेणाऱ्या दोघांमागे जवळपास एक जण पॉझिटिव्ह निघत होता. रांगेच्या नावानेच ती कापायला लागली. शेवटी दवाखाना उघडायच्या आधी नवरा रांगेत उभा राहिला आणि नंबर जवळ आला तसा त्याने तिला फोन केला. ती समोरच्या झाडाखाली स्कूटरवर बसली होती. एकोणीस दिवस विश्रांती, सतरा दिवसांचा भत्ता, रोजचे साधारण 400 रुपये. थेट बँकेत, उशिरा का होईना. रजेत काढून टाकतील ही भीती होतीच. तेव्हा लागू असलेल्या ईएसआय कायद्याचं कलम 73 तिला वाचून दाखवलं: हा भत्ता मिळत असलेल्या काळात मालकाला कामगाराला काढता येत नाही, की शिक्षा करता येत नाही. तिने फोनमध्ये त्याचा फोटो घेतला. पुन्हा कामावर जाताना फिट असल्याचं फायनल सर्टिफिकेट तिने विसरू नये म्हणून मी दोनदा आठवण केली. लोक नेमके तिथेच अडकतात.

चवथीच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला. अकरा दिवस शाबूत होते, गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं होतं. बोटं बरी, करंज्यांना मुरड घालता येत होती. गोळी? "रविवारी जेवणानंतर. नवरा विचारतो."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, सुपरवायझर नवीन आलाय. टेबलावरून उठून लाइनवर जा म्हणतो. ह्याला परत सगळं सांगायचं काय?"

"पोचची प्रत कुठे आहे?"

"कपाटात. साडीच्या घडीत."

"उद्या तिची झेरॉक्स काढून न्या," मी म्हटलं. "मूळ प्रत साडीतच राहू दे."