गाडी देतायत की सांभाळायला देतायत?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, बाबा त्यांची गाडी तुला देतायत म्हणून. त्यात 'बाबांना नाही कसं म्हणू' हे तीनदा होतं. गाडी कोणती, किती सालची, कागदं कशी आहेत, यातलं अक्षरही नव्हतं. आपल्या विमा कंपनीच्या मोटर क्लेम खात्यात माझ्या हाताखाली काम शिकलेल्या मुलीने असा अर्ज आणला असता तर मी तसाच परत पाठवला असता. म्हणून सकाळी फोनवर तुला खोदून खोदून विचारलं. राग मानू नकोस.

तर मामला असा. 2012 ची वॅगन-आर, नंबर एमएच-50, म्हणजे कराडचा. चाललीय जेमतेम 60 हजार किलोमीटर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी रात्रीची गाडी सोडली आणि आता गुडघ्यांमुळे दिवसाचीही. आईचं म्हणणं, पोरगी रात्री नऊला स्कूटीवरून येते, जिवाला घोर. तू कर्वेनगरात तिघींबरोबर भाड्याने राहतेस आणि तिथे स्कूटीच कशीबशी तिरकी लागते. शिवाय तुझ्या मावशीचं मत पडलं की स्थळं बघताना मुलीची स्वतःची गाडी असली की बरं दिसतं. (मावशींकडे आत्ता लक्ष द्यायला नको.)

पुढच्या रविवारी बाबा कुणाला तरी चालवायला बसवून गाडी घेऊन येणार. मध्ये आठ दिवस आहेत, तेवढे पुष्कळ झाले.

हो की नाही ते नंतर बघू. या शनिवारी एसटीने कराडला जा आणि बाबांना समोर बसून एवढंच विचार, "बाबा, गाडी माझ्या नावावर झाली आणि सहा महिन्यांनी मी ती विकली, तर चालेल?" काय म्हणतात ते ऐकच, पण बोलण्याआधी किती वेळ गप्प राहतात तेही बघ. पटकन "तुझी गाडी, तू काय वाट्टेल ते कर" म्हणाले, तर ते गाडी देतायत. चष्मा काढून पुसायला लागले, तर सांभाळायला देतायत. दोन्हींना आपण 'दिली' असंच म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

जमिनीचं बक्षीसपत्र कधी वाचलंयस? त्यात देणारा लिहून देतो की आजपासून या मिळकतीवर माझा वा माझ्या वारसांचा काही एक हक्क राहिला नाही. गाडीसाठी असं बक्षीसपत्र नोंदवावं लागत नाही, जंगम वस्तू ताबा देऊनही देता येते. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली एक गोष्ट गाडीलाही लागू आहे: घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय बक्षीस पुरं होत नाही. म्हणजे नाही म्हणायची सोय कायद्याने सव्वाशे वर्षांहून जास्त काळ करून ठेवलीय. मला ती माहीत होती. तरी मी वापरली नाही.

1994 साली आमच्या अण्णांनी सांगलीहून त्यांची फियाट आणून माझ्या दारात उभी केली. प्रीमियर पद्मिनी, गिअर स्टिअरिंगपाशी, सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू व्हायची नाही. मला ती नको होती. आम्ही सदाशिव पेठेत राहायचो, बोळात दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने थांबायचं. पण अण्णा सांगलीपासून स्वतः चालवत आले होते, बनियन घामाने भिजलेलं, आणि आल्या आल्या पिवळ्या फडक्याने बॉनेट पुसत होते. मी म्हटलं, "वा, छान झालं." गाडीच्या कप्प्यात एक डायरी होती. 1979 पासून दर वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, आकडा, किलोमीटर, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. म्हणाले, "हे पुढे चालू ठेव."

गाडी पर्वतीला नणंदेच्या घरासमोर लावली. सुरुवातीला आठवड्याने जायचे, मग महिन्याने, मग जाणंच बंद झालं. अण्णांचा फोन गुरुवारी यायचा, एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, दर रात्री उतरल्यावर. पहिला प्रश्न, "चालू केलीस का?" मी म्हणायचे, "हो अण्णा, कालच." जवळजवळ वर्षभर दर गुरुवारी मी वडिलांशी खोटं बोलले. एका अशा वस्तूपायी, जी मला नको होती आणि त्यांना सोडवत नव्हती. दिवाळीला आले ते थेट पर्वतीला गेले. किल्ली फिरवली, टक्-ही झालं नाही. मागच्या सीटचा काथ्या उंदरांनी उपसलेला. डायरीत माझ्या हातची एकच नोंद. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. डायरी खिशात घातली आणि भाऊबीज उरकून एसटीने परत गेले. गाडी पुढे भंगारात गेली, त्याचं मला काही वाटत नाही. ते गुरुवारचे फोन अजून ऐकू येतात.

म्हणून सांगते, घ्यायची तर पुरती घे, नाहीतर घेऊच नकोस. "असू दे, बघू पुढचं पुढे" हे सगळ्यात वाईट.

पुरती घ्यायची म्हणजे काय, हे तुझ्याजागी दुसरं कुणी असतं तर मी दोन ओळींत आवरलं असतं. पण तू या धंद्यातली असूनही फोनवर म्हणालीस, "गाडी बाबांच्याच नावावर राहू दे, घरातल्या घरात काय नाव बदलायचं?" तेव्हा माझ्या कपाळाला हात गेला. नोकरीत मी एक दावा पाहिला. गाडी काकांच्या नावावर, वापरणारा पुतण्या. विम्याची आठवण करून देणारे मेसेज काकांच्या जुन्या मोबाइलवर जायचे, तो नंबर केव्हाच बंद झालेला. पॉलिसी संपली, दोघांनाही पत्ता नाही. पुतण्याने एका मोटरसायकलवाल्याला उडवलं, त्याचा पाय मोडला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली काकांच्या घरी. ते सत्तरीचे, गाडीला वर्षभर हात न लावलेले. "मी तर गाडी देऊन टाकली होती" हे ते प्रत्येक तारखेला सांगत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्टच केलंय: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. तुझ्या बाबांना निवृत्तीत हे नको.

तेव्हा मालक बदलल्याचे फॉर्म 29 आणि 30 भरायचे. एकाच राज्यात असल्याने नंबर एमएच-50 च राहील, बाबांना तेवढाच दिलासा. देणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. त्याआधी आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) बँकेचं नाव आहे का ते बघ. कर्ज फिटून सात वर्षं झालेली असतात आणि बोजा तसाच असतो, असं दहांतल्या चार घरी दिसतं (हा माझा अंदाज, आकडेवारी समजू नकोस). असला तर तो उतरवायला बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म 35. जुनी ई-चलानं भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, आणि ती निघाली की घरात "हे कोल्हापूरचं कुणाचं?" यावरून एक संध्याकाळ जाईल, ती धरून चाल.

विम्याचं तुला शिकवायला नको, पण घरचं काम आलं की आपण सगळं विसरतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे आला असं कायदा मानतो. तुझं दार चेपलं तर मात्र पॉलिसीवर तुझं नाव हवं, म्हणून 14 दिवसांत कंपनीला कळव. बाबांचा 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. बाबांनी इतकी वर्षं एक ओरखडा येऊ न देता कमावलेला तो बोनस तिथेच थांबेल. हे त्यांना सांगताना जरा जपून.

आता खर्च. 1000 सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 2022 मध्ये ठरलेल्या दराने 2,094 रुपये अधिक कर. तो किरकोळच. खरी गोम 2027 मध्ये आहे. तेव्हा गाडीला 15 वर्षं होतील आणि नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. त्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालंय. वर पर्यावरण कर, आणि तपासणीत गाडी पास व्हावी म्हणून करावं लागणारं काम वेगळं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. शनिवारी वाकून तेवढे वाच. नक्षी नव्यासारखी आणि साल 16 असलं, तर चारही टायर बदलायचे आहेत असं समज. कमी चाललेल्या गाडीत हेच फसवतं. उद्या कंपनीने तुला बेंगळुरूला पाठवलं आणि गाडी तिथे 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर पुन्हा नोंदणी आणि पुन्हा कर. सगळ्यात मोठा खर्च जागेचा, तो कर्वेनगरात तू मला सांगायचा, मी तुला नाही.

एवढं ऐकून नाही म्हणायचं ठरलं, तर सबब सांगू नकोस. "पार्किंग नाही" म्हणालीस तर बाबा तुझ्या घरमालकाला फोन लावतील. "पेट्रोल परवडत नाही" म्हणालीस तर महिन्याला पैसे पाठवतील. बाप सबबीची सोय करतो. खरं कारण सांग: "मला गाडी नकोय, तुम्ही दिलीत आणि मी उभी करून ठेवली तर तुम्हाला जास्त वाईट वाटेल." आणि आईच्या घोराचं उत्तर वेगळं दे, कारण तिला गाडी द्यायची नाहीये, तिला तू रात्री नऊला नीट घरी पोचायला हवीयस. गाडी विकून आलेल्या पैशात तुझ्या उशिराच्या दिवसांची कॅब किती वर्षं निघते, हे कागदावर मांडून तिच्यापुढे ठेव. हिशोब दिसला की आया ऐकतात. विकायचं मात्र तू पुढाकार घेऊन बघ. दलाल टायरला लाथ मारून भाव पाडतो, तेव्हा बाबा तिथे नसलेले बरे.

तिसराही एक रस्ता आहे. बाबा चष्मा पुसायला लागले तर तोच धर. गाडी कराडलाच राहू दे, बाबांच्याच नावावर, विमा चालू. मालकाच्या परवानगीने वैध लायसन्स असलेला कुणीही ती चालवू शकतो. महिन्यातून एकदा जाशील तेव्हा त्यांना दवाखान्यात, बाजारात, आत्याकडे तू ने. डायरी असेलच कुठेतरी, नोंद तू कर. बाबांना गाडी नकोय असं मला वाटतच नाही, त्यांना चालवता येत नाहीये.

आणि हो. तू आमच्याकडे रुजू झालीस तेव्हा दिलेली लायसन्सची झेरॉक्स मला चांगली आठवते. तिच्यावर फक्त बिनगिअरची दुचाकी होती. अजून तसंच असेल तर आधी लर्निंग काढावं लागेल, आणि त्यानंतर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. म्हणजे रविवारी गाडी पुण्यात आलीच, तर सोमवारी ती हलवणार कोण, हे तुमच्या घरात अजून कुणाच्याही डोक्यात आलेलं नाही. शनिवारी बोलणं इथूनच सुरू कर, आठ दिवसांचे तीन महिने होतील. शिकायला कराडलाच जात जा. पांढऱ्यावर लाल 'एल'ची पाटी पुढेमागे लाव आणि बाबांना शेजारी बसव. ओरडतील. ओरडू दे.

तुझी,
मॅडम