लष्करातली पॅराशूट उडी आणि हौशी स्कायडायव्हिंग यांत नेमका फरक काय?

प्रश्नाखाली आणखी दोन ओळी आहेत. स्कायडायव्हिंगवाले १३ हजार फुटांवरून उडी मारतात, पॅराट्रूपर जेमतेम साडेबाराशेवरून आणि त्याचं पॅराशूट आपोआप उघडतं, मग लष्करी उडी सोपी म्हणायची का? आणि सैन्यातून निवृत्त झालेल्याला स्कायडायव्हिंगचं लायसन्स सरळ मिळतं का?

सोपी नाही. हा हिशोब मी आधी आमच्या साडूंच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी साताऱ्याकडचा, आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. नोकरीतली बरीच वर्षं पॅराशूट फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे पॅराट्रूपरांबरोबर उतरणाऱ्या वैद्यकीय पथकात गेली. साडू दुबईला जाऊन आले, तिथं पाम जुमेराच्या वरून उडी मारली. मेव्हणीच्या मुलीच्या साखरपुड्यात तो व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाव्हणं, तुमची दोरी इमानाला बांधल्याली असती. तुम्ही फकस्त दारातनं पडायचं. आन् तुम्ही तर दवाखान्यातलं, तुमाला कशाला उडी?" लोक हसले. माझे आईवडीलही तिथंच बसले होते.

तर आधी उंचीचं बोलू. उंची म्हणजे वेळ. १३ हजार फुटांवरून निघालेला माणूस पाऊणएक मिनिट ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो, चार-पाच हजार फुटांवर पॅराशूट उघडतो आणि काही बिघडलं तर ते सोडून देऊन रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडायला त्याच्यापाशी अवकाश असतो. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमात अनुभवी उडीबाजानंही साधारण अडीच हजार फुटांच्या खाली येण्याआधीच मुख्य पॅराशूट उघडायला हवं. आमचं विमानच त्याच्या निम्म्या उंचीवरून जातं. १२५० फुटांवरून बाहेर पडल्यावर पॅराशूट उघडलंच नाही, तर जमीन दहाएक सेकंदांवर असते. त्यातले पहिले चार सेकंद मोजण्यात जातात, मग मान वर करून कॅनपी, म्हणजे पॅराशूटची छत्री, उघडली का बघायची. उरलेल्या वेळात छातीवरच्या रिझर्व्हचा निर्णय घ्यायचा. दोरी, म्हणजे स्टॅटिक लाइन, विमानाला अडकवलेली असते ती याचसाठी. एवढ्या खाली हातानं उघडत बसायला वेळच नाही, आणि चाळीस माणसं ठरल्या जागी, जवळजवळ उतरवायची असतात. जितकं उंच जावं तितका वारा माणसं पांगवतो, आणि खालचा शत्रू तितका वेळ तुमच्यावर नेम धरू शकतो.

बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला तिथल्या टांगाईलला उतरलेली २ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू त्यांचे कमांडर. सातशेहून अधिक जवान डाकोटा, पॅकेट असल्या विमानांतून उतरले. वाऱ्यानं पांगले, तरी त्याच संध्याकाळी लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल त्यांनी घेतला आणि मैमनसिंगकडून ढाक्याला माघारी निघालेल्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. त्या पुलासाठी उडी होती. कोण किती फुटांवरून आला हे कुणी विचारलं नाही.

आता माझं सांगतो. उत्तरेत थंडीतला सराव होता, रात्रीची उडी, पूर्ण लोडसह. पाठीवर पॅराशूट, छातीवर रिझर्व्ह आणि पायाशी मेडिकलची पिशवी: सलाईन, स्प्लिंट, ड्रेसिंगचं सामान. एएन-३२ या मालवाहू विमानात आधीच गुडघ्याला गुडघा लागतो. त्यात विमान खालून जात असलं की हेलकावे बसतात आणि कुणीतरी एकानं ओकलं की त्या वासानं दुसरा ओकतो. हुक अपचा, म्हणजे दोरी विमानाला अडकवायचा, हुकूम आला की उभं राहायचं आणि त्या ओझ्यासकट हिरव्या दिव्याची वाट बघत तसंच तिष्ठायचं. भीती असते, पण पाय इतके भरून येतात की कधी एकदा बाहेर पडतो असं होतं. हिरवा दिवा लागला आणि स्टिक, म्हणजे एकामागून एक उडी मारणाऱ्यांची रांग, हलली. तिथं थांबता येत नाही. तुम्ही एक सेकंद घुटमळलात तर तुमच्या मागचा गडी जमिनीवर तितकाच लांब पडतो, म्हणून पुढच्याच्या पाठीला लागूनच निघायचं.

बाहेर वाऱ्याचा तडाखा, मग हारनेसच्या, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांचा, झटका, आणि एकदम शांत. वर बघितलं, कॅनपी गोल भरली होती. आजूबाजूला कुणी अंगावर येतंय का बघितलं, मेडिकलची पिशवी सोडवून दोरानं खाली सोडली. अमावस्येच्या जवळची रात्र, जमीन दिसत नव्हती. पिशवी आधी टेकते आणि दोर सैल पडतो, अंधारात तेवढ्यावरून कळतं की आता आपली पाळी. पाय जुळवून, गुडघे थोडे वाकवून मी नांगरलेल्या रानात पडलो, लोळलो आणि कॅनपी आवरायला लागलो. विमानातून निघाल्यापासून सव्वाएक मिनिट झालं असेल.

तेवढ्यात डाव्या हाताला कण्हणं ऐकू आलं. कुमाऊंचा नवा पोरगा होता. बांधावर एक पाय पडला, एक खाली, आणि नडगी मोडली. मी लाल काच लावलेली बॅटरी धरून बूट मोकळा केला, पावलाची नाडी लागते का ते चाचपलं, स्प्लिंट बांधली, सलाईन लावली. हात गारठलेले, शीर सापडायला वेळ लागला. पोरगा दुखण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. "उस्ताद, मेरी राइफल कहाँ है?" एवढंच विचारत होता. रायफल शोधून त्याच्या हातात दिली तेव्हा गप्प पडला. त्याला न्यायला माणसं आल्यावर मी पिशवी पुन्हा पाठीवर घेतली आणि कंपनीला गाठायला निघालो. ती उजाडेपर्यंत चालणार होती आणि वाटेत पाय मुरगळलेले आणखी दोघं माझीच वाट बघत होते. सकाळी चहाच्या वेळी सगळं बोलणं त्या पोराचं आणि उरलेल्या चालीचं. उडीची आठवणही कुणी काढली नाही.

हा खरा फरक. हौशी माणसाची उडी जमिनीवर पाय टेकला की पुरी होते, आमचं काम तिथून सुरू होतं.

"दवाखान्यातलं" म्हणणाऱ्यांसाठी: पॅरा युनिटमधल्या नर्सिंग असिस्टंटला वेगळं दार नाही. तोच प्रोबेशनचा रगडा, आग्र्याची तीच हवाई दलाची शाळा, पॅराट्रूपरची विंग, म्हणजे छातीवरचा बिल्ला, मिळवायला त्याच पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. धोनीनं २०१५ साली तिथंच मलपुऱ्याच्या मैदानावर पाच पुऱ्या केल्या. आणि कोरियाच्या युद्धात, २३ मार्च १९५१ ला, अमेरिकन १८७ व्या एअरबोर्नबरोबर मुनसानला जे भारतीय उतरले, ते लढणाऱ्या पलटणीचे नव्हते. ते ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे डॉक्टर आणि नर्सिंगवाले होते. त्यांचे लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. जखमी माणूस जिथं पडणार तिथं आम्ही उतरायलाच हवं.

टँडेम उडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शिक्षकाच्या छातीला बांधून घेऊन खाली येणं म्हणजे कुणाच्या पाटकुळी बसून रायगड चढणं. निर्णय त्याचे, दोऱ्या त्याच्या, उतरवणंही त्याचंच. मजा जरूर घ्या, पण 'मी उडी मारली' म्हणू नका.

टँडेमचं हे बोलणं सगळ्या हौशी खेळाला लागू नाही, हेही लिहायला हवं. एकट्यानं उडी मारणारे लोक जे करतात ते आम्हाला बेसिकमध्ये शिकवतही नाहीत: हवेत अंग सावरणं, उंचीवर सतत लक्ष ठेवणं, चौकोनी कॅनपी वळवत नेमकं ठरल्या जागी अलगद उतरणं. आमची गोल कॅनपी नेईल तिकडं जायचं आणि आपटायचं. पुण्याच्या शीतल महाजनांनी २००४ मध्ये आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर, २४०० फुटांवरून मारली. अशा बाईला कोण हौशी म्हणेल? सैन्यातही फ्री फॉल आहेच. स्पेशल फोर्सेसचे जवान ऑक्सिजन लावून फार उंचावरून निघतात, पण त्याचं शिक्षण वेगळं असतं आणि ते बेसिकनंतर येतं. मी ते केलेलं नाही.

लायसन्सचं म्हणाल तर सरळ मिळत नाही. स्टॅटिक लाइनच्या उड्या फ्री फॉल म्हणून धरल्या जात नाहीत, त्यामुळे इतरांबरोबर जमिनीवरच्या वर्गापासून सुरुवात करावी लागते. अमेरिकन संघटनेच्या पहिल्या, म्हणजे ए लायसन्सला किमान २५ उड्या लागतात. दारात पाय अडखळणार नाही, एवढा फायदा. उलट आमची सवय आड येते. आम्हाला पाय जुळवून अंग आवळून बाहेर पडायला शिकवलेलं असतं आणि फ्री फॉलमध्ये पोट पुढं काढून अंग सैल सोडावं लागतं. शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा की तुम्ही पॅरामधले आहात, म्हणजे तो आधी ती सवय मोडेल.

आपल्याकडं हरियाणात नारनौलला उड्या होतात. साडूंनी पुढच्या खेपेला परदेशात पुन्हा टँडेमवर पैसे घालण्यापेक्षा एकट्यानं उडी मारायचा कोर्स करावा. निम्मी फी मी भरतो. पुरा करून आले की तो व्हिडिओ मी स्वतः सगळ्या पाव्हण्यांना बोलावून दाखवीन.